कै. शेषराव गावंडे यांच्या स्मरणार्थ

अमरावती,
दि. २८ डिसेंबर २००७

प्रिय मित्र बद्रुद्दीन यास कमलाकांतचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चार ओळींत सात चुका आहेत, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे असं धरून चालतो. नसीमभाभींच्या गुडघ्याचं मात्र काहीच लिहिलं नाहीस. आमची सौ. रोज विचारते.

आता कामाचं. अचलपूरच्या आपल्या शाळेत बासष्टच्या मॅट्रिकवाल्यांनी पाण्याची टाकी बांधून द्यायची ठरवली होती ना, ती झाली. नळ बसले, फरशी लागली. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की पोरांसाठी खुली करायची. टाकीला गुरुजींचं नाव द्यायचं हे एकमताने ठरलं आणि मजकूर मी लिहायचा हेही. पस्तीस वर्षं मराठी शिकवल्याचा एवढा तरी मान! पाटी तू कोरायची. अकोल्यात जन्मभर लोकांच्या दारावरची नावं आणि कबरींवरचे मजकूर कोरत आलास, आता शाळेसाठी हात चालव. मजकूर असा:

कै. शेषराव गावंडे गुरुजी
यांच्या स्मरणार्थ
माजी विद्यार्थी, १९६२

यात कानामात्रेचाही फरक करायचा नाही. ‘कै.’नंतर टिंब हवंच. कैलासवासीचा तो संक्षेप आहे. ‘स्मरणार्थ’चा रफार थ वर द्यायचा, ण वर नाही. एका बंगल्यावर तू ‘आर्शिवाद’ कोरून ठेवलं होतंस, ते मी अजून विसरलेलो नाही. कोणी म्हणत होते ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ घ्या, भारदस्त वाटतं. मी म्हटलं, गुरुजींना भारदस्त शब्दांचा तिटकारा होता. स्मरणार्थ म्हणजे आठवण राहावी यासाठी. तेवढं पुरे.

गुरुजी कधी गेले असं तू विचारशीलच. मागच्या वर्षी, दिवाळीनंतर. तिकडे पातूरकडे, आपल्या गावी. हृदयविकार होता, झोपेतच गेले. त्याहून जास्त मला ठाऊक नाही.

पाटी वीस तारखेपर्यंत पोचव. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
कमलाकांत


अकोला,
९ जानेवारी २००८

जानी दोस्त कमलाकांत मास्तर यांना बद्रुद्दीनचा सलाम अन् नमस्कार, दोन्ही कबूल व्हावेत.

सात चुका काहाडल्या तं काहाडल्या. मी मराठीत दोन डाव नापास झालेला मानूस, तुले काय नवीन हाय? तिसऱ्या डावाले गुरुजीनं रात्रंदिवस एक करून मले पास केलं, अन् वरून म्हणाले का बद्रुद्दीन, तुले ऱ्हस्व-दीर्घ जन्मात येनार नाई पन तुहं अक्षर मोत्यासारखं हाय. हात धरून मले अचलपूरच्या पाथरवटाकडं घेऊन गेले अन् तिथं बसवलं. आज माह्या घरातली रोटी त्यायच्या त्या एका गोष्टीवर चालू हाय. म्हून या पाटीचे मी काई घेनार नाई, अन् तू त्यावर वाद घालू नको.

पाटी झाली. पांढरा मकरानाचा दगड घेतला, अक्षरात काळा रंग भरला. टिंब जागच्या जागी हाय, रफार थ वरच हाय. नसीमले दाखवली तं तिनं बराच वेळ त्यावरून हात फिरवला. गुडघे तसेच हायेत तिचे.

एक गोष्ट मात्र मनात अडकून राहिली, ते लिहितो. आमच्यात मानूस गेला का आधी त्याच्या घरी जाऊन पुरसा द्या लागते, घरच्यायजवळ बसा लागते. मंग कुठं त्याच्या नावाआधी जिभेवर मरहूम येते. मरहूम म्हंजे ज्याच्यावर रहम झाला तो. गुरुजी जाऊन वरीस झालं अन् मले या पाटीवरून समजलं. कमलाकांता, तू मले तवाच एक कार्ड काहून टाकलं नाई? तू गेला होता का? तेरवीले कोन कोन होतं? पातूर अकोल्याहून किती दूर हाय? मी पायी गेलो असतो.

लोकायचे नावं कोरताना माहा हात कधी थांबत नाई. या डावाले ‘कै.’ कोरताना दोनदा थांबला. वय झालं, दुसरं काय.

वहिनीले सलाम. माहा लोभ तुले ठाऊकच हाय, तुहा कमी पडू देऊ नको.

तुहा,
बद्रुद्दीन


अमरावती,
३० जानेवारी २००८

प्रिय बद्रुद्दीन, स. न. वि. वि.

तू आला नाहीस, फार चुकलास. भाभींना दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून माफ. कार्यक्रम असा झाला की विचारू नकोस! तुझ्या पाटीवरचा पडदा बाजूला झाला तेव्हा टाळ्या थांबेनात. मी वीस मिनिटं बोललो. गुरुजींनी फळ्यावर लिहिलेला पहिला शब्द, त्यांचा तो खाकी कोट, शुद्धलेखनाला त्यांनी मारलेली छडी, सगळं सांगितलं. मागच्या बाकांवरच्या दोन शिक्षिकांनी डोळे पुसले. अठ्ठावीसच्या पेपरात फोटो आला, पाटी अगदी स्पष्ट वाचता येते. कात्रण सोबत पाठवतो आहे, फ्रेम कर.

तेरवीचं तू विचारलं होतंस. मला जाणं जमलं नव्हतं. तेव्हा सौ.ची तब्येत बरी नव्हती बहुतेक. भेटीत बोलू.

आठवण ठेव, लोभ असू दे.

तुझा,
कमलाकांत


अकोला,
११ फेब्रुवारी २००८

कमलाकांत यास बद्रुद्दीनचा सलाम.

आज मस्करी नाई करत. हे पत्र तू दार लावून, एकटा बसून वाच.

मागच्या हप्त्यात मी पातूरले गेलो होतो, एका कबरीचा दगड बसवाले. काम झालं, चहा घ्यावा म्हून बाजाराच्या मागच्या गल्लीतून येऊन राहिलो होतो. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारा मानूस भिंग धरून पेपर वाचत बसला होता. मी समोरून गेलो तं त्यानं मान वर न करताच हाक मारली, का बद्रुद्दीन, पाय घासत चालाची सवय अजून गेली नाई का रे तुही.

गुरुजी जिते हायेत. मी तिथंच मातीत बसलो.

त्यायनं मले उठवलं, बाजूले बसवलं. म्हणाले का तुहं अक्षर पेपरात पाह्यलं, टिंब बराबर दिलं. एवढंच. त्यायची पोरगी गोदाबाई, तिच्याच घरी राह्यतात ते. तिनं पानी दिलं पन माह्या तोंडाकडं पाह्यलं नाई. मंग आतून तिनं इचारलं, का तुमी एवढे शिकले-सवरले लोकं, दगडावर लिवाच्या आधी कोनाले इचारलं होतं? पेपर पाहून परतवाड्याहून दोघं जनं सांत्वनाले आले होते म्हने. हातात हार, डोळ्यात पानी. दार गुरुजीनंच उघडलं.

लेका, ज्या मानसानं माह्या हातात छन्नी देली, त्याच्याच नावावर मी त्या छन्नीनं मरन कोरलं. कोनत्या तोंडानं माफी मागू? त्यायनं मले जेऊ घातलं. आठ दिवस झाले, दुकानात बसतो पन छन्नीले हात लावत नाई.

मी त्यायच्यासमोर तुहं नाव घेतलं नाई. पन मले तुले एकच इचाराचं हाय. हृदयविकारानं गेले, झोपेत गेले, हे तुले कोनं सांगतलं? जो मानूस गेलाच नाई त्याचं मरन एवढं बारीकसारीक तुले कसं ठाऊक? खरं लिही. चुका काहाडून नको लिहू, खरं लिही.

बद्रुद्दीन


अमरावती,
१५ फेब्रुवारी २००८

प्रिय बद्रुद्दीन, नमस्कार.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. सौ.ला अजून दाखवलं नाही. खरं लिहायला सांगितलंस, लिहितो.

मला कोणीच सांगितलं नाही. मी पेपरात वाचलं.

सहा सालचा नोव्हेंबर तुला आठवत असेल. रोज आतल्या पानावर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची यादी यायची. नाव, वय, तालुका. सुरुवातीला आम्ही हळहळायचो, मग नुसतं वाचायचो, मग वाचणंही सोडलं. त्यात एके दिवशी दिसलं: शेषराव गावंडे, वय ४८, ता. पातूर. गुरुजी तेव्हा चौऱ्याऐंशीचे. कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता की हा दुसरा कोणीतरी. पण मी पडलो मास्तरकीच्या जोडीला मुद्रितं तपासणारा. जन्मभर छापखान्याच्या चुका काढल्या. मी म्हटलं, आकडे उलटे पडलेत, ८४ चे ४८ झालेत! निवृत्तीनंतर ते गावी शेती बघतात एवढं ऐकून होतो. झालं, माझं पक्कं ठरलं. पेन्सिलीने मी तिथे दुरुस्तीची खूणसुद्धा केली होती. काय म्हणावं या कर्माला!

मग गेलो का नाही? लाज वाटली. गुरुजींसारख्याने असं करावं याची लाज. त्यांच्या माणसांसमोर बसून बोलायचं काय, ही भीती. आणि तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मनात कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. त्यांची दोन पत्रं माझ्याकडे वर्षानुवर्षं उत्तराविना पडून होती. आता उत्तर द्यायला नको. सौ. तेव्हा ठणठणीत होती.

टाकीच्या बैठकीत कोणीतरी विचारलं, गुरुजी कशाने गेले. माझ्या तोंडून हृदयविकार निघून गेलं. पुढे कोणी खोदू नये म्हणून झोपेत गेले हेही मीच जोडलं. मला वाटत होतं की मी त्यांची अब्रू झाकतो आहे. आणखी एक सांगतो, मग माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. पाटीचा मजकूर लिहिताना ‘कै.’पाशी मीही थांबलो होतो. अशा मरणाने गेलेल्याला कैलासवासी लिहावं का, असं माझ्या मनात आलं होतं. स्वतःच्या गुरूबद्दल! त्या विचाराची आज सगळ्यांत जास्त शरम वाटते.

हे सगळं जसंच्या तसं आज गुरुजींनाही लिहून टाकलं आहे. पाटीवरचं ‘कै.’ तेवढं मिटवता येईल का, तू सांग. खर्च माझा. आणि छन्नी हातात घे बाबा. चूक तुझी नव्हती. तू विचारलं होतंस, मीच उडवून लावलं.

लोभ ठेव असं आज कोणत्या तोंडाने लिहू?

कमलाकांत


पातूर,
२७ फेब्रुवारी २००८

चि. कमलाकांत यास अनेक आशीर्वाद. मेलेल्या माणसाचे चालत असतील तर घ्यावेत.

तुझे पत्र मिळाले. अक्षर पूर्वीसारखेच गिचमिड आहे. डोळे साथ देत नाहीत, म्हणून गोदाकडून वाचून घेतले. मध्येच ती वाचायची थांबली आणि उठून गेली, मग उरलेले मी भिंगाने वाचले.

बद्रुद्दीन येऊन सांगून गेला की ‘कै.’ बुजवता येईल, पण संगमरवरावर डाग राहील. मी त्याला म्हटले, बुजवू नको. त्या एका अक्षराने माझे काही बिघडत नाही. थोडा धीर धरलात तर ते आपोआप खरे होईल. मला टोचला तो खालचा शब्द. स्मरणार्थ! अरे, त्यासाठी आधी स्मरण व्हावे लागते. वीस वर्षांत अमरावतीहून पातूरला एक एसटी आली नाही का? ‘कै.’ची चूक काळ दुरुस्त करील. ‘स्मरणार्थ’ची तुम्हांलाच करावी लागेल. रागावून लिहीत नाही. मी राग सोडून पुष्कळ वर्षे झाली, पण वाईट वाटले ते लपवत नाही.

आता त्या आकड्याविषयी. छापखान्याची चूक नव्हती. शेषराव गावंडे, वय ४८, बरोबर छापले होते. आमच्याच भावकीतला, महादेवरावांचा मुलगा. माझेच नाव त्याला ठेवले होते, मी मास्तर झालो या कौतुकाने. त्याच्या तेरवीला मी गेलो होतो. पंगत वाढून ठेवलेली होती आणि जेवायला माणसे नव्हती. गावातले लोक त्या घराला वळसा घालून जात. अजूनही जातात असे गोदा सांगते.

तू माझ्याकडे येऊन पाय धरणार असे लिहिले आहेस. येऊ नको. आधी तिकडे जा. त्याची बायको पार्बताबाई गावीच आहे, पातूरहून काळीपिवळीने अर्धा तास. मी मेलो असे समजूनही तू ज्या घरी गेला नाहीस, ते घर तिचे आहे. तिथे जाऊन आलास की मग पाहू.

सौ. सूनबाईस आशीर्वाद. ममता कमी झालेली नाही, एवढे ध्यानात असावे.

शेषराव गावंडे


अमरावती,
११ मार्च २००८

ती. स्व. गुरुजींच्या चरणी विद्यार्थी कमलाकांतचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आपण सांगितल्याप्रमाणे रविवारी जाऊन आलो. बद्रुद्दीन सोबत होता. अकोल्यापासून पातूरपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पातूरच्या स्टँडवर मात्र त्याने माझ्या हातातली पिशवी काढून स्वतःच्या हातात घेतली, तेव्हा मला रडू आलं.

घर शोधायला वेळ लागला नाही. ज्याला विचारावं तो बोट दाखवून लगबगीने पुढे जायचा. पार्बताबाई दारात तूर पाखडत होत्या. आम्ही पंचायतीतून किंवा तहसीलमधून आलो असं त्यांना वाटलं. आत गेल्या आणि कागदांची पिशवीच घेऊन बाहेर आल्या. मी सांगितलं, आम्ही सरकारी माणसं नाही, शेषरावांसाठी भेटायला आलो. मग त्यांनी घाईघाईने सतरंजी टाकली, चहा ठेवला, शेजारून कप मागवले. सव्वा वर्षात पहिल्यांदाच कोणी त्यांच्या नावाने भेटायला आलं म्हणाल्या. तुमची अन् त्यायची वळख कुठली, असं दोनदा विचारलं.

गुरुजी, मी कबूल करतो, त्या क्षणी माझ्या जिभेवर खोटं तयार होतं. कापूस बाजारातली ओळख, असं काहीतरी. बद्रुद्दीनने माझ्याकडे पाहिलं, आणि मी सगळं सांगितलं. यादी, आकडा, पेन्सिलीची खूण, टाकी, आपण. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की म्हंजे तुमचा मानूस जिता निंगाला, म्हून तुमी माह्याकडं आले.

मी होय म्हटलं. चहा समोर तसाच निवत होता. त्यांनी पदर तोंडाला लावला, जरा वेळाने काढला आणि म्हणाल्या की खरं बोलले हे बरं केलं, आता चहा घ्या.

उठायच्या बेतात होतो तेव्हा त्यांनी मला विचारलं की तुमी लिवनारे मास्तर होय ना. होय म्हटलं, तर आतून एक कागद आणला. थोरल्या मुलीचं, उज्ज्वलाचं लग्न वैशाखात ठरलं आहे. पत्रिकेचा मजकूर दीर जानराव यांनी लिहून घेतला होता आणि तो दुसऱ्या दिवशी छापखान्यात जायचा होता. मी वाचला. महादेवराव गावंडे यांची नात आणि जानराव गावंडे यांची पुतणी, असं लिहिलं होतं. बापाचं नाव कुठेच नव्हतं. सोयऱ्यांच्या गावात वाचतील आणि विचारत बसतील, म्हणून गाळलं म्हणे. पार्बताबाई हळू आवाजात म्हणाल्या की नाव घातलं तं चालते का, तुमीच सांगा, दिराले मी पाहून घेईन.

मी पेन काढलं. सगळ्यांत वरच्या ओळीत ‘कै. शेषराव गावंडे यांची ज्येष्ठ कन्या’ असं लिहिलं आणि वाचून दाखवलं. कै. म्हंजे काय, त्यांनी विचारलं. कैलासवासी, म्हणजे देवाच्या घरी गेलेला, असं सांगितलं. मग त्यांनी विचारलं की जे असे जातात त्यायलेही लावता येते का ते. माझ्या स्वतःच्या मनात आलेला प्रश्न त्या बाईच्या तोंडून ऐकताना मान वर करवेना. मी म्हटलं, येतं, सगळ्यांना लावता येतं. बद्रुद्दीन पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, बाई, आमच्यात मरहूम म्हणतात, तेही सगळ्यायले लागते.

परत येताना आपलं घर स्टँडपासून दहा मिनिटांवर होतं. बद्रुद्दीन चल म्हणाला. मी नाही आलो. आपल्याला तोंड दाखवायच्या आधी एक गोष्ट लिहून कळवायला हवी होती. ती समोर बसून सांगवली नसती.

निघताना पार्बताबाईंनी कागदांची ती पिशवी माझ्यासमोर उघडली. अर्ज, दाखले, पंचनामा, पुन्हा अर्ज. वीस-पंचवीस कागद असतील. प्रत्येकावर त्यांनी स्वतःच्या हाताने, एकेक अक्षर जोडत नवऱ्याचं नाव लिहिलं होतं आणि प्रत्येक नावाआधी ‘मयत’ होतं. ऑफिसातल्या माणसाने पहिल्या दिवशी तसं लिहायला शिकवलं, तेव्हापासून त्या तेच लिहीत आल्या. बद्रुद्दीनने तो शब्द वाचला आणि मान दुसरीकडे वळवली. त्याच्या घरी तो शब्द प्रेताला म्हणतात. पार्बताबाईंनी एकेका कागदावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं की असा चांगला शब्द होता, तं मास्तर, इतके दिवस मले कोनी सांगतला काहून नाई.

आपला अपराधी विद्यार्थी,
कमलाकांत